भुशाखालचा बर्फ

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, तरी उत्तरेकडच्या पेतायवारा गावात जमिनीवर बर्फ टिकेना. नोव्हेंबरात दोनदा पडला आणि दोन्ही वेळा पावसानं धुऊन नेला. जानेवारीची सात तारीख. एरवी या दिवसांत गोठलेल्या तळ्यावरून लाकडाचे ट्रक बिनघोर जातात. यंदा शाळेच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं आणि मैदानात घोट्याएवढा चिखल होता. तौनो पायरीवर उभा राहून थर्मामीटर बघत होता. शून्याच्या वर तीन. त्यानं काचेवर नखानं टिचकी मारली. काच बिचारी काय करणार!

शाळेचा तो राखणदार. भट्टी पेटवायची, दारं-खिडक्या दुरुस्त करायच्या, आणि हिवाळा आला की पोरांना स्कीवर उभं करायचं. तेहतीस वर्षं हेच. पालिकेच्या चार शाळांतली पहिली-दुसरीची सगळी पोरं दर जानेवारीत दोन आठवडे इथं यायची, कारण स्कीची वाट इथं चांगली, टेकडी बेताची आणि शिकवणारा तौनो. या मुलखात चाळिशीच्या आतलं कुणी असं नसेल, ज्याचा पहिला पडण्याचा धडा तौनोच्या हातून झाला नाही. पहिले दोन दिवस तो काठ्या हातात देतच नसे. नुसतं पडायचं आणि उठायचं. पडायचं ते बाजूला, कुल्ल्यावर; पुढं पडलास तर दात जातात, असं तो बजावायचा.

यंदा मात्र सगळं टांगणीला लागलं होतं. दूरच्या शहरात एक बोगदा बांधलाय. आत यंत्रानं थंडी करून बारा महिने बर्फ ठेवतात. पालिकेतल्या लोकांचं म्हणणं, पोरं तिकडंच न्यावीत. बर्फाची खात्री तरी असते. शिक्षण खात्याचा यार्मो गेल्या मार्चमधे गावात येऊन स्पष्टच सांगून गेला होता : जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी इथं सहाशे मीटर वाट तयार असली तर शिबिर इथं, नाहीतर बोगद्यात. आणि शिबिर गेलं की अकरा पोरांची ही शाळा चालवायला पालिकेकडे कारणच उरत नाही. मे महिन्यात कुलूप. हे तो बोलला नाही, पण ते न कळण्याइतकं गाव दूधखुळं नव्हतं.

त्या अकरांतली एक सायमी, तौनोची नात. सात वर्षांची, पहिलीत. तिची आई मेर्वी तीन वर्षांपूर्वी संसार मोडून शहरातून परत आली, म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला लागली आणि आई-बापाच्या अंगणापलीकडच्या खोपटात राहू लागली. शाळा चालत जाण्याजोगी आहे म्हणून ती आली होती. आल्या दिवशीच तिनं बापाला सांगून ठेवलं होतं, शाळा आहे तोवर मी आहे. पहाटेची पाळी करून सायमीला चाळीस किलोमीटरवर सोडणं आपल्याच्यानं व्हायचं नाही. मेर्वी उगाच बोलणारी नव्हे. म्हणजे शाळा गेली की सायमी गेली, हा हिशोब तौनोच्या डोक्यात झोपेतसुद्धा चालू असे.

पण गाव निर्धास्त दिसत होतं, कारण गावाजवळ ढीग होता.

मार्चमधल्या त्या सभेत तौनोच उभा राहिला होता. वीस वर्षांत सभेत तोंड न उघडलेला माणूस. म्हणाला, आपण बर्फ साठवू. एप्रिलमधे उरलेला सगळा बर्फ खडीच्या जुन्या खाणीत, उत्तरेच्या उतारावर लोटू आणि वर हातभर लाकडाचा भुसा टाकू. उन्हाळाभर जागचा हलणार नाही. यार्मोनं विचारलं, भुसा आहे का तेवढा, की पालिकेनं बघायचं? तौनो म्हणाला, "भुसा माझ्याकडे आहे. पालिकेनं जिवाला घोर लावून घेऊ नये." लोक हसले. त्याला आयुष्यात पहिल्यांदा सभेत कुणी हसून दाद दिली होती. तो ताठ मानेनं घरी आला.

आणि भुसा पुरला नाही. बंद पडलेल्या लाकूडगिरणीच्या मागे वर्षानुवर्षांचा ढिगारा होता, त्याच्या भरवशावर तो बोलला होता. पण हिवाळ्यात तबेलेवाल्यानं त्यातला निम्मा नेला होता. ढिगाची पुढची बाजू आणि माथा झाकला, आणि मागची अख्खी बाजू उघडी राहिली. एप्रिलचं ऊन वर येत होतं. पालिकेला फोन केला असता तर दोन दिवसांत भुसा आला असता. पण फोन करायचा म्हणजे यार्मोला सांगायचं, की मी सभेत फुशारकी मारली. तौनोनं फोन हातात घेतला आणि ठेवला. मग गिरणीच्या खड्ड्यात पडलेली सालपटं ट्रॉलीत भरली. लाकूडतोड्यांनी त्याच हिवाळ्यात तिथं आणून टाकलेली पाइनची ओली, नवी सालपटं. ती दाबून ठेवली की आतून तापतात, हे या गावात पोराटोरांनाही ठाऊक. तौनोलाही ठाऊक होतं. पण सावलीची बाजू आहे, थर जाड टाकू, वाऱ्यानं वाळतील, असं स्वतःलाच समजावत त्यानं एकट्यानं चार दिवसांत ती वाहिली आणि वरून दोन-चार पाट्या भुसा भुरभुरवला. कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उन्हाळाभर तो आठवड्याला खाणीत जायचा. पुढच्या बाजूनं भुसा उकरायचा, हात घालायचा. आत गार, टणक बर्फ. हात बाहेर काढून तो गालाला लावायचा आणि समाधानानं घरी यायचा. मागच्या बाजूला गेला नाही. एकदा जाणार होता, पण गुडघा दुखत होता.

आठ तारखेला, बुधवारी, ढीग उघडायचा होता. त्या सकाळी त्यानं पोरांना व्हरांड्यात घेतलं. बर्फ नसला म्हणून धडा चुकवायचा नाही. लोकरीचे मोजे घालून फरशीवर घसरायचं, एका पायावर जितके आकडे मोजता येतील तितके मोजायचे. अकरा पोरं, अकरा जोड मोजे. सायमी नऊपर्यंत गेली आणि भिंतीवर आपटली. "बाजूला पडायचं," ती स्वतःलाच रागावली, आणि उठून परत रांगेत लागली. तिचं नाक आजीसारखं, हट्ट आजोबासारखा. तौनोनं तिच्याकडं फार वेळ बघितलं नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात त्याची बायको आउने सुपासाठी वाटाणे भिजत घालत होती. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, हा नियम देश बुडाला तरी चुकायचा नाही. अठ्ठावीस पोरं पाहुणी येणार म्हणून तिनं सोमवारसाठी मोठं पातेलं माळ्यावरून काढायला सांगितलं. त्यानं काढून दिलं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, काही बोलेल असं त्याला वाटलं, पण ती पातेलं घासायला लागली.

दुपारी खाणीत उर्हो ट्रॅक्टर घेऊन आला. सत्तरीचा माणूस, तीस वर्षं गिरणीत काढलेली, दोन बोटं तिथंच ठेवून आलेली. पुढच्या बकेटनं त्यानं भुसा ओढायला सुरुवात केली. वरचा थर काळा, खालचा तांबूस, आणि मग खाली बर्फ निघाला. जुन्या साखरेसारखा, करडा, दाणेदार. बाईमाणसं खाणीच्या काठावर उभी होती. मास्तरीण सिर्कानं टाळी वाजवली. शाळेची पोरं खाली धावली आणि हातमोजे काढून बर्फाला शिवू लागली, जणू कधी पाहिलाच नव्हता. कुणीतरी थर्मासमधून कॉफी दिली. उर्होनं तौनोच्या पाठीवर थाप मारली नाही, पण ट्रॅक्टर बंद करून दोन मिनिटं उभा राहिला. इथं तेवढं पुष्कळ.

त्या दिवशी आणि गुरुवारी सकाळी ट्रॉल्या वाहिल्या. शाळेच्या मागच्या कुरणात तौनोनं खुंट्या मारून वाट आखली होती. टेकडीला वळसा घालून परत मैदानात. उर्हो आणायचा, ओतायचा; तौनो फावड्यानं पसरायचा. पाऊस बारीक पडत होता. ओला बर्फ फावड्याला चिकटे, प्रत्येक वेळी फावडं गुडघ्यावर आपटून झटकावं लागे. दुपारपर्यंत त्याची पाठ सरळ होईना. दीडशे मीटर झालं होतं. चांगलं, वीतभर जाड, दोन माणसं रुंद. याच चालीनं शनिवारपर्यंत सहाशे सहज होतील, असं सिर्का म्हणाली. ढिगाची पुढची बाजू संपत आली होती.

तीनच्या सुमाराला, उजेड उतरताना, उर्होनं बकेट मागच्या अंगाला घातली. बकेट अडली नाही. नुसती आत गेली, खांद्यापर्यंत. आणि ढिगाचा माथा खचून खाली बसला. पोकळी उघडी पडली. आतून काळी, कुजकी सालपटं ओघळली आणि वाफेचा लोट वर आला. आंबट वास सुटला. तौनो जवळ गेला. हातमोजा काढून त्यानं सालपटांत हात घातला. उबदार होतं. खाली बर्फ नव्हता, खडी होती, आणि खडीत पाणी.

उर्हो खाली उतरला. पोकळीत बघितलं, मग तौनोकडं बघितलं. तौनोला वाटलं, आता विचारणार. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव तो करू लागला. उर्होनं नाक शिंकरलं.

"जेवढा आहे तेवढा काढू," तो म्हणाला, आणि परत ट्रॅक्टरवर चढला.

माणूस भला, म्हणून बोलला नाही, असं तौनोनं धरलं. मनातून त्याला उर्होचे पाय धरावेसे वाटले.

घरी मेर्वी सायमीला न्यायला आली होती. किती झालं, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, होतंय. ती म्हणाली, बाबा, शहरातल्या आश्रमात ऑगस्टपासून एक जागा रिकामी होतेय, तिथून मला विचारणा आलीय, शुक्रवारपर्यंत सांगायचंय. मी पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत मागितली. तौनोनं मान हलवली. सायमी बुटांचे बंद बांधत होती. तिला एकच चिंता : सोमवारी शहरातली पोरं आल्यावर पहिलं कोण घसरून दाखवणार? आजोबानं कबूल केलं, तूच.

शुक्रवारी गावात सांगितलं गेलं, की ढीग मागून खचला. पाऊस, हवामान, काय करणार. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि सगळे आले. हे गाव कामाला कमी नाही. घसरगाड्या, फावडी, कुणी कपडे धुण्याचा टब, कुणी जुना बाथटब दोरीनं ओढत. तौनोनं हिशोब केला : दोन माणसं रुंदीऐवजी एक, वीतभर जाडीऐवजी चार बोटं. वाट तरी होईल. आधी पसरलेले दीडशे मीटरसुद्धा खरवडून पातळ केले. स्वतःच्या हातानं केलेली चांगली वाट स्वतःच खरवडताना त्याचे कान तापले, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मेर्वी पाळी संपवून आली, ती पांढऱ्या कपड्यांतच टब ओढू लागली. पोरं जुन्या स्की घालून आडवी आडवी चालत बर्फ दाबत होती. सायमी सर्वांत पुढं, तोंडानं एक-दोन मोजत. आउने मधे मधे कॉफी आणि वेलदोड्याचे पाव घेऊन यायची. तौनोला पाव देताना ती म्हणाली, बस थोडं. तो बसला नाही.

शेवटी शेवटी ढिगाच्या बुडाचा जो काही बर्फ होता तो सालपटांसकटच उचलला. वेगळा करायला वेळ नव्हता. पोरांनी बादल्या घेऊन सालपटं वेचली, पण ती हजारो. शनिवारी संध्याकाळी उर्होनं मोजायची फीत धरली. चारशे दहा मीटर.

"बघणारा पावलं मोजत नाही," सिर्का म्हणाली. तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

रविवारी शून्यावर चार आणि धुकं. पाऊस बर्फाला जेवढं खात नाही तेवढं धुकं खातं. तौनो दिवसभर वाटेच्या कडेनं चालत राहिला. जिथं गवत वर आलं तिथं शेजारचा बर्फ खरवडून ओतला, मग तो शेजार उघडा पडला. ठिगळावर ठिगळ. चार वाजता हात इतके बधिर झाले, की फावडं कधी गळून पडलं ते कळलं नाही. त्यानं आकाशाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं, नुसतं ओलं.

सोमवारी नऊला बस आली. अठ्ठावीस पोरं, नवे रंगीत कोट, नव्या स्की. मागोमाग यार्मोची गाडी. यार्मो चाळिशीचा, सातव्या वर्षी त्याला याच मैदानात तौनोनं पडायला शिकवलं होतं. त्यानं तौनोचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. मग शहरी बुटांनीच वाटेवर चालायला लागला. चाळीस पावलांवर त्याचा पाय बर्फातून खाली चिखलात गेला. त्यानं बूट ओढून काढला, झाडाला पुसला, आणि कुणी बघितलं का, म्हणून मागं पाहिलं नाही. सगळेच बघत होते.

"स्की घालू दे पोरांना," तो म्हणाला. "आलीच आहेत तर."

सायमी पुढं झाली. ठरल्याप्रमाणं. टेकडीच्या बेताच्या उतारावरून गुडघे वाकवून, हात पुढं धरून ती निघाली. निम्म्या वाटेपर्यंत झकास. मग स्कीखालच्या मेणाला सालपटं चिकटायला लागली. ती थांबली, पाय झटकला, परत निघाली, परत थांबली. शेवटी ती चालतच खाली आली. तोंड लाल झालं होतं, पण रडली नाही. वरून तौनोनं हात केला, छान म्हणून. तिनं बघितलं नाही.

मग शहरातली पोरं एकेक करून सोडली. तिसरीच मुलगी, चष्मेवाली, वेगात आली. सालपटांच्या पट्ट्यावर तिच्या स्की जागच्या जागी रुतल्या आणि ती सरळ पुढं तोंडावर पडली. बर्फ पातळ, खाली खडी. उठली तेव्हा ओठ फाटला होता आणि पुढचा दात हातात होता. सायमी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"बाजूला पडायचं असतं," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही का?"

कुणी कुठं सांगितलं होतं! पडायला शिकवायला मऊ बर्फ लागतो. यंदा पहिला धडा झालाच नव्हता.

आउनेनं मुलीचं तोंड गरम पाण्यानं धुतलं. पोरांनी मोठ्या पातेल्यातलं सूप खाल्लं आणि बारा वाजता बस परत गेली. यार्मो मागं थांबला. तौनोला बाजूला घेऊन तो म्हणाला, की उद्यापासून शिबिर बोगद्यात. या वर्षापुरतं, असं तो म्हणाला, पण तौनोच्या डोळ्यांत बघून नाही.

"तुझी चूक नाही रे, तौनो. हवाच अशी झालीय. सगळीकडं हेच. तू जे केलंस ते दुसऱ्या कुणी केलं नसतं."

आता सांग, आता सांग, असं तौनोच्या आत कुणीतरी ढोसत होतं. यार्मोच्या बुटाला अजून चिखल होता. तौनोनं चुलीजवळची फडकी आणून त्याला दिली. यार्मोनं बूट पुसले, आभार मानले आणि गेला.

मंगळवार ते गुरुवार पेतायवाऱ्याची अकरा पोरंसुद्धा बसनं बोगद्यात गेली. नियम सगळ्यांना सारखा. तौनो गेला नाही. शिकवायला तिथं त्यांची माणसं होती, एकसारख्या निळ्या जाकिटांतली. सायमी पहिल्या दिवशी परत आली ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तिथं दिवे आहेत, आणि बर्फ एकसारखा, सालपटं नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, आजोबा, ते पडायला शिकवतच नाहीत. म्हणतात, न पडता शिका. आणि मी पडलेच नाही. ती हे आनंदानं सांगत होती. तौनो म्हणाला, वा. त्यानं ताट बाजूला सारलं. तो उठून लाकडं आणायला गेला. टोपलीत लाकडं भरलेलीच होती.

शुक्रवारी दुपारी वर्गात गावसभा भरली. पोरांच्या छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. पालिकेचं पत्र सिर्कानं वाचलं. शिबिराचं ठिकाण कायमचं बदलण्यात येत आहे. पेतायवाऱ्याची शाळा चालू वर्षाअखेर बंद करण्याचा प्रस्ताव ठेवण्यात येत आहे. ग्रामस्थांच्या प्रयत्नांची खात्यानं नोंद घेतली आहे. वाचून तिनं पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.

हवामानच असं, कुणी म्हणालं. काय करणार, दुसरा म्हणाला. मेर्वी खिडकीशी उभी होती. शहरातल्या आश्रमाला होकार कळवला, ऑगस्टपासून जायचं, हे तिनं सकाळीच आईला सांगितलं होतं. बापाला सांगायचं आईवर सोपवलं होतं आणि आईनं सांगितलं होतं.

जो तो हवेला बोल लावत होता. दर वाक्यागणिक तौनोचा जीव चोरासारखा होत होता. पंधरा मिनिटं त्यानं सोसलं. मग तो उभा राहिला. बाक इतका छोटा, की उठताना तो बाकासकट उठला; शेजाऱ्यानं बाक खाली दाबला.

"हवा नाही," तो म्हणाला. "मागच्या बाजूला सालपटं घातली होती मी. भुसा कमी पडला. सांगायची लाज वाटली. ढीग सालपटांनी खाल्ला. माझ्यामुळं झालं हे."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडावं. उर्होनं उठून थोबाडीत द्यावी. तेहतीस वर्षांची इज्जत गेली तरी चालेल, पण छातीवरचा धोंडा उतरेल. तो वाट बघत उभा राहिला.

कुणी मान वर केली नाही. सिर्का पत्राकडं बघत होती. शेवटी उर्होनं घसा साफ केला.

"ते ठाऊक होतं सगळ्यांना," तो म्हणाला. "ऑगस्टपासून मागनं वाफ निघत होती. माझ्या ओट्यावरनं सकाळी सकाळी दिसायची."

तौनोनं एकेकाकडं पाहिलं. मशरूम वेचायला खाणीवरून जाणाऱ्या बाया. कुत्रं फिरवणारा शेजारी. सिर्का. मेर्वीनं तोंड खिडकीकडं फिरवलं. अख्ख्या गावाची अळीमिळी गुपचिळी, आणि तो एकटा पाच महिने समजत होता, की मूठ झाकलेली आहे.

"तू एवढा राबत होतास," सिर्का हळूच म्हणाली. "तोंडावर कसं बोलायचं?"

मग कॉफी झाली. लोकांनी पाव खाल्ले, कप आणून दिले, आउनेला थँक्यू म्हणाले. बुटांची चळत दारापाशी होती, तिथं थोडी गर्दी झाली. जाताना एकेकानं तौनोचा हात दाबला. रागाचा एक शब्द नाही. बाहेर मेर्वी सायमीला हाक मारत होती.

तौनो स्वयंपाकघरात गेला. आउने कप विसळत होती. तो दारात उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"सगळ्यांना कळलं तेव्हाच. ऑगस्टमधे."

"आणि माझ्यापाशी बोलली नाहीस?"

तिनं नळ बंद केला. हात ॲप्रनला पुसले.

"तू दर आठवड्याला जायचास आणि पुढच्या बाजूनंच परत यायचास. तेव्हाच मी ओळखलं, तुला मागचं ठाऊक आहे. ठाऊक असलेल्या माणसाला काय सांगायचं? वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. सांगितलंस की मग मी काहीतरी बोलेन, असं योजून ठेवलं होतं."

त्यानं चौकटीला हात टेकला.

"ऑगस्टमधे सालपटं काढून टाकली असती, भुसा मागवला असता, तर?"

आउनेनं उरलेला कप उचलला, आत पाहिलं, तळाशी साखर होती ती बोटानं काढली.

"तर निम्म्याहून जास्त राहिला असता," ती म्हणाली. "दोन दिवसांचं काम होतं, तौनो. मी रजासुद्धा सांगून ठेवली होती."